नाही म्हटलेली गाणी

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की एक किस्सा हमखास येतो. ‘हे गाणं आधी अमक्याकडे गेलं होतं बरं का, त्यानं नाही म्हटलं!’ सांगणाऱ्याची कळी खुलते, ऐकणारे हळहळतात आणि मग सगळे मिळून त्या नाही म्हणणाऱ्याच्या नशिबाची कीव करतात. दारात आलेली लक्ष्मी परत पाठवली, करंटा कुठला!

या किश्श्यांचा मलाही नाद आहे, पण ती कीव काही मला पटत नाही. तिच्यामागे एक समजूत दडलेली असते की गाणं आधीच हिट होतं, कुणाच्या तरी गळ्यात पडायचं तेवढं राहिलं होतं. लोककथेतली हत्तीण सोंडेत माळ घेऊन गावभर हिंडते, ज्याच्या गळ्यात ती पडेल तो राजा, तसंच काहीसं. माझं म्हणणं असं की ही माळ गळ्यात पडल्यावरच गुंफली जाते. चाल आणि शब्द कागदावर असतात तोवर तो गाण्याचा नुसता मनसुबा असतो. ज्यानं नाही म्हटलं त्यानं हिट गाणं गमावलं, असं म्हणायला आधार काय? त्यानं गायलं असतं तर ते गाणं वेगळंच झालं असतं. कदाचित पडलं असतं.

हा नुसता तर्क नाही, त्याला पुरावे आहेत. ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ हे टेरी ब्रिटन आणि ग्रॅहम लाइल या जोडीचं गाणं. आधी ते क्लिफ रिचर्डकडे गेलं, त्यानं नाकारलं. पुढे बक्स फिझ या ब्रिटिश गटानं ते रेकॉर्डही केलं, पण ती टेप तशीच पडून राहिली. शेवटी गाणं टीना टर्नरपुढे आलं. तिलाही ते फारसं रुचलं नव्हतं, तरी तिनं गायलं. १९८४ साल होतं, ती चव्वेचाळीस वर्षांची होती. मारकुट्या नवऱ्याच्या संसारातून बाहेर पडून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती आणि धंद्यातल्या बहुतेकांनी तिचा काळ संपल्याचं धरून ठेवलं होतं. प्रेमाबिमाचं काय घेऊन बसलात, असं त्या फाटक्या, जळक्या आवाजात ती विचारते तेव्हा ऐकणाऱ्याला तो प्रश्न खरा वाटतो. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याला तीन ग्रॅमी मिळाली. बक्स फिझची टेप २००० साली बाजारात आली. शब्द तेच, चालही तीच. ऐकायला छान आहे, गुळगुळीत आहे आणि संपल्यावर मनात काही उरत नाही.

बीटल्सचं उदाहरण याहून गमतीचं. १९६२च्या सप्टेंबरमध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी या नवख्या पोरांपुढे मिच मरे यांचं ‘हाउ डू यू डू इट’ ठेवलं. हे गाणं नक्की चालणार, याची मार्टिनना खात्री होती. पोरांना मात्र स्वतःची गाणी गायची होती. त्यांनी ते रेकॉर्ड केलं, पण मन न लावता. अखेर ते बाजूला पडलं आणि लिव्हरपूलच्याच ‘गेरी अँड द पेसमेकर्स’कडे गेलं. १९६३मध्ये ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचलं, म्हणजे मार्टिन यांचा अंदाज खराच ठरला. बीटल्सची टेप पुढे १९९५ साली प्रसिद्ध झाली. गाणारे नाइलाजानं गाताहेत हे तिच्यात लपत नाही. गेरी मार्सडेन तेच गाणं हसत हसत गातो. मग बीटल्सनी गमावलं काय? एक हिट गाणं गमावलं असं म्हणावं, तर त्यांच्या गळ्यात ते हिट नव्हतंच. उलट त्या नकारामुळे आपलीच गाणी गायची ही त्यांची वाट पक्की झाली.

बर्ट बॅकरॅक यांनी १९६९च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’साठी एका पावसाच्या गाण्याची चाल बांधली. रे स्टीव्हन्सनं ते गाणं नाकारलं आणि ते बी. जे. थॉमसकडे आलं. त्याचा घसा बसलेला होता आणि डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलेली. तरी तो गायला. चित्रपटातल्या ध्वनिमुद्रणात तो घोगरेपणा आजही ऐकू येतो. भर पावसात बेफिकीर हसणाऱ्या माणसाचं गाणं दुखऱ्या घशातून आलं आणि त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. तो घसा एखाद्या धडधाकट गायकाकडून कसा मागून आणायचा?

नकाराची अशी साखळीही असते. टीएलसी या गटानं नाकारलेलं गाणं १९९८ साली ब्रिटनी स्पीअर्सनं गायलं आणि ती रातोरात जगाला माहीत झाली. पुढे ‘अम्ब्रेला’ हे गाणं ब्रिटनीसाठी म्हणून तिच्या माणसांकडे गेलं. गाणी पुरेशी झाली आहेत म्हणून त्यांनी ते परत पाठवलं आणि २००७मध्ये ते रिहानाचं झालं. काल ज्याला दुसऱ्याच्या नकाराचा लाभ झाला तोच आज नकार देतो. यात कुणाला करंटा म्हणायचं?

आपल्या मुंबईच्या सिनेसृष्टीतले नकार मला यापेक्षा जवळचे वाटतात, कारण ते नुसत्या आवडीनिवडीतून आलेले नसतात. कुठे घराण्याचं सोवळं आडवं येतं, कुठे भीती, कुठे हक्क. ‘मुघल-ए-आझम’साठी तानसेनाचा आवाज हवा म्हणून नौशाद दिग्दर्शक के. आसिफ यांना घेऊन उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्याकडे गेले. खाँसाहेबांना सिनेमात गायचं नव्हतं, पण घरी आलेल्या माणसाला सरळ नाही म्हणायचं तरी कसं? त्यांनी दर सांगितला : एका गाण्याचे २५ हजार. बड्या पार्श्वगायकांनाही तेव्हा एका गाण्याचे पाचशेच्या आतबाहेर मिळत. हा आकडा ऐकून पाहुणा उठून जाईल असा त्यांचा हिशेब. आसिफ यांनी तिथल्या तिथे होकार दिला! नकार फसला म्हणून आज आपल्याकडे ‘प्रेम जोगन’ आहे. पडद्यावर दिलीपकुमार मधुबालेच्या चेहऱ्यावरून पीस फिरवत असतात, मागे खाँसाहेबांचा सूर उलगडत जातो आणि दोन प्रेमिकांना त्या वेळी शब्दाची गरज उरत नाही.

मन्ना डे यांचा नकार भीतीपोटी होता. १९५६च्या ‘बसंत बहार’मध्ये दरबारातली जुगलबंदी होती. नायकासाठी मन्ना डे गाणार आणि त्यांच्यासमोर साक्षात भीमसेन जोशी. वर कथेनुसार नायकानं जिंकायचं! शंकर-जयकिशन यांनी हे सांगितलं तेव्हा मन्नादांच्या पोटात गोळा आला. घरी येऊन त्यांनी पत्नीला सांगितलं की काही दिवस गाव सोडून कुठेतरी निघून जाऊ, रेकॉर्डिंग उरकल्यावर परत येऊ. सुलोचनाबाई खमक्या. पळून कसले जाता, नायकासाठी गाताय, जिंकायलाच हवं, असं त्यांनी बजावलं. मन्नादा रियाजाला बसले. ‘केतकी गुलाब जूही’ ऐकताना भीमसेनजींची तान आली की आजही कानाला कळतं की डोंगर पलीकडे आहे. पण नायकाच्या आवाजातली ती जीव लावून केलेली धडपड, तीच त्या प्रसंगाची गंमत आहे. भीती न वाटणारा गायक तिथे असता तर ती धडपड आलीच नसती.

आशाबाईंनी १९६६च्या ‘तीसरी मंझिल’च्या वेळी ‘आजा आजा’ची चाल ऐकली आणि हे आपल्याला जमायचं नाही म्हणून कच खाल्ली. संगीतकार पंचमदा म्हणाले, हवी तर चाल बदलतो. ते मात्र त्यांना लागलं. नाही म्हणणं वेगळं आणि आपल्यासाठी चाल सोपी करून घेणं वेगळं. त्या श्वासांच्या हिसक्यांचा त्यांनी दहा दिवस सराव केला. गाडीत बसल्या बसल्या चाललेला तो सराव ऐकून ड्रायव्हरला वाटलं, बाईंना दम लागलाय, दवाखान्यात न्यावं की काय. हा किस्सा त्या स्वतः हसत सांगत. रेकॉर्डिंग झाल्यावर पंचमदांनी शंभराची नोट काढून त्यांच्या हातात ठेवली, असं सांगतात.

या सगळ्यांहून मोठे नकार लताबाईंचे. त्यांच्या ‘नाही’चा हिशेब मांडायचा तर हिंदी सिनेसंगीताचा अर्धा इतिहास लिहावा लागेल. १९५७च्या सुमारास ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशनना फिल्मफेअर पारितोषिक जाहीर झालं. समारंभात ‘रसिक बलमा’ गाल का, असं जयकिशननी विचारलं. लताबाई म्हणाल्या, पारितोषिक गाण्याच्या संगीताला आहे, गाणाऱ्याला नाही. मग नुसतं वाद्यवृंदावर वाजवा. हट्टच होता, पण पुढे पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू झालं आणि ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी ते पहिलं त्यांनाच मिळालं.

त्याच सुमारास सचिनदा बर्मन यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि १९६२पर्यंत बिनसलेलंच राहिलं. त्या अबोल्याच्या काळात ‘काला पानी’, ‘चलती का नाम गाडी’, ‘सुजाता’, ‘बंबई का बाबू’ हे चित्रपट येऊन गेले. ‘सुजाता’तलं आशाबाईंचं ‘काली घटा छाए’ ऐकताना हे दुसऱ्या कुणासाठी असावं अशी शंका तरी येते का? अवखळ गाणी आशाची आणि हळवी लताची ही लोकांनी केलेली वाटणी सचिनदांनी त्या पाच वर्षांत मोडून टाकली, कारण दुसरा गळा हाताशी नव्हता. ‘बात एक रात की’मध्ये त्यांनी हेमंतकुमारांच्या जोडीला ‘ना तुम हमें जानो’साठी सुमन कल्याणपूर यांचा आवाज घेतला. मग ‘बंदिनी’त लताबाई परतल्या आणि ‘मोरा गोरा अंग लै ले’ झालं. म्हणजे रुसव्यानं आपल्याला दिलं आणि समेटानंही दिलं. ऐकणाऱ्यांचं नुकसान कुठेच नाही.

सुमनताईंचं नाव आलं की मी रेंगाळतो. ढाक्यात १९३७ साली जन्मलेली ही हेमाडी घराण्यातली मुलगी लहानपणी मुंबईला आली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली आणि १९५४च्या ‘मंगू’पासून सिनेमात गाऊ लागली. आवाज पातळ, सुरेल, निर्मळ. आणि लताबाईंच्या इतका जवळचा की भल्याभल्यांचे कान फसत.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल्टीचा वाद पेटला. रेकॉर्ड जितकी खपेल त्यातला वाटा गाणाऱ्यालाही मिळायला हवा, ही लताबाईंची मागणी. एकदा मेहनताना घेतला की आपला हक्क संपला, हे रफीसाहेबांचं मत. बोलण्यातून बोलणं वाढलं आणि दोघांनी एकमेकांबरोबर गायचं बंद केलं. समेट कसा झाला याच्या दोन्ही घरच्या हकिगती जुळत नाहीत, पण १९६७च्या ‘ज्वेल थीफ’मधल्या ‘दिल पुकारे’त दोघे पुन्हा एकत्र ऐकू आले.

मधल्या काळात सिनेमे काही थांबले नव्हते. नायक-नायिकांना बागेत, नावेत, बर्फात गायचंच होतं. संगीतकारांना रफीसाहेबांच्या जोडीला आवाज हवा होता आणि ती जागा सुमनताईंनी भरली. ‘राजकुमार’मधलं ‘तुमने पुकारा और हम चले आए’, ‘सांझ और सवेरा’तलं ‘अजहूं न आए बालमा’, खय्याम यांनी ‘शगुन’साठी बांधलेलं ‘परबतों के पेडों पर’, ‘जब जब फूल खिले’मधलं ‘ना ना करते’ आणि ‘ब्रह्मचारी’तलं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’. ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आला १९६८ साली, म्हणजे भांडण मिटल्यावर! एका भांडणाच्या पोटी इतकं सुख जन्माला आलं असेल असं वाटत नाही, पण आलं खरं.

आमच्या मामांकडे रेकॉर्डप्लेअर होता. ‘राजकुमार’ची तबकडी लागली की शेजारचे आजोबा मान डोलवत म्हणायचे, ‘बाकी काही म्हणा, लता ती लता.’ मामा काही बोलायचे नाहीत. गाणं संपू द्यायचे, तबकडी अलगद उचलायचे, हातरुमालानं पुसायचे आणि तिच्यावरचं गोल लेबल आजोबांच्या चष्म्यापुढे धरायचे. आजोबा वाचायचे, ‘असं होय!’ म्हणायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मामांना त्याचा राग येत नसे. मला यायचा. छापलेलं नाव वाचूनही माणूस ते मानायला तयार नसेल तर त्या गायिकेनं करायचं तरी काय?

आवाज सारखा असतो तेव्हा गाणंही सारखंच होतं का? ‘ममता’ हा १९६६चा चित्रपट त्यासाठी ऐकावा. रोशन यांचं संगीत, मजरूह यांचे शब्द. ‘रहें ना रहें हम’ त्यात दोनदा येतं. एकदा लताबाईंचं एकल गाणं आणि एकदा रफी-सुमन यांचं युगुलगीत. लताबाई आणि रफीसाहेब यांचा अबोला नसता तर युगुलगीतही लताबाईंकडेच गेलं असतं, असं मानायला हरकत नाही. सुचित्रा सेननं आई आणि मुलगी या दोन्ही भूमिका केल्या आहेत. आईच्या वाट्याला लताबाई आणि मुलीच्या वाट्याला सुमनताई.

दोन्ही पाठोपाठ लावा. लताबाई पहिली ओळ उचलतात तेव्हा आपण राहू न राहू हा विचार त्या बाईनं कधीचाच पचवलेला असतो. स्वर ताणलेला आहे, टोकदार आहे आणि शब्द संपल्यावरही हवेत थोडा वेळ टिकतो. सुमनताईंच्या गाण्यात तोच शब्द येतो, पण त्याला अजून दुःखाचा अनुभव नाही. तिथे मृत्यूचा उल्लेख प्रेमात पडलेल्या पोरीनं सहज करावा तसा आहे, बोलून विसरून जाण्यासारखा. शेजारी रफीसाहेबांचा आवाज असल्यामुळे स्वर त्याच्यावर रेलतो, एकटा उभा राहत नाही. आईचं गाणं मुलीच्या तोंडी आलं की त्यातलं ओझं उतरायला हवं आणि ते उतरलेलं आहे. हे भांडणानं घडवलं की रोशन यांच्या कानानं, मला ठाऊक नाही. पण लताबाईंनी दोन्ही गायली असती तर आई आणि मुलगी यांच्यातलं हे अंतर इतकं स्वच्छ ऐकू आलं नसतं, एवढं मी ठामपणे म्हणेन. आवाज जवळचे असले तरी गाणं दोन स्त्रियांचं आहे.

आणि तरीही नकारातून आलेल्या गाण्याला एक डाग लागतो. ‘लता नव्हती म्हणून सुमन’ या चार शब्दांत सुमनताईंची पाच-सहा वर्षांची कमाई आपण निकालात काढतो. हेच टीना टर्नरबद्दल कुणी बोलत नाही, गेरीबद्दल नाही, बी. जे. थॉमसबद्दल नाही. त्यांच्या बाबतीत आपण नाही म्हणणाऱ्याला हसतो. इथे मात्र होकार देणारीला बदली कामगार ठरवतो. आवाजातलं साम्य हा काही गुन्हा नव्हे. मराठीत तर ‘केतकीच्या बनी’, ‘नाविका रे’, ‘निंबोणीच्या झाडामागे’ या गाण्यांसाठी त्यांना कुणाच्या रुसव्याची वाट पाहावी लागली नव्हती. ती त्यांचीच होती, आहेत. २०२३ साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. पुरस्काराला नाव कळलं, आपल्या कानांना अजून कळायचं आहे.

यातली विसंगती अशी की नावासाठी आणि हक्कासाठी सगळ्यात जास्त भांडल्या त्या लताबाईच. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं पात्राचं नाव होतं. गाणाऱ्याला नावही मिळू नये अशा काळात त्यांनी सुरुवात केली. ज्या रॉयल्टीपायी त्यांनी रफीसाहेबांबरोबर गायचं नाकारलं तो हक्क कलाकारांना कायद्यानं मिळायला २०१२ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. पन्नास वर्षं! त्यांचा नकार अहंकारापोटी होता असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. रफीसाहेबांचं मतही लबाडीचं नव्हतं, ते त्यांच्या साध्या स्वभावाला धरून होतं. दोघं आपापल्या जागी बरोबर असतानाही भांडण होऊ शकतं आणि त्याचा लाभ तिसऱ्याला होतो. लाभ घेणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

म्हणून ‘हे गाणं आधी अमक्याला दिलं होतं’ हा किस्सा खुशाल सांगा, मीही सांगत राहीन. फक्त तो तिथे संपवू नका. ज्यानं नाही म्हटलं त्याचं नाव आपल्याला पाठ असतं. ज्यानं हो म्हटलं, रात्रीतून चाल बसवली, दुखऱ्या घशानं किंवा धडधडत्या छातीनं माइकपुढे उभं राहून ते गायलं, त्याचं नाव आधी घ्यायला हवं. आता ‘आजकल तेरे मेरे’ लागलं आणि शेजारचं कुणी ‘वा, लताबाई!’ म्हणालं, तर संकोच न करता दुरुस्त करा. सुमन कल्याणपूर म्हणा, पूर्ण नाव घ्या.